अमेरिकेतील बंधुसंघांच्या समारंभीय तलवारी : ओळख आणि निर्णय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांत आणि जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानांत एका विशिष्ट घडणीच्या तलवारी विपुल आढळतात. त्यांचे पाते सरळ, अरुंद आणि साधारणतः २८ इंच लांबीचे असते. त्यास धार लावलेली नसते; मात्र त्यावर आम्लाने कोरलेली नक्षी दाट असते. मुठीच्या शिरोभागी, म्हणजे मोगऱ्याच्या जागी, शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचे मस्तक बसविलेले असते. परज क्रुसाच्या आडव्या दांड्याप्रमाणे सरळ असते आणि म्यानावर सोनेरी अथवा निकेलचा मुलामा दिलेला असतो. अशी तलवार प्रथमच पाहणारास ती धर्मयुद्धांच्या काळातील योद्ध्याची वाटते; थोडी अधिक माहिती असणारास ती १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात लढलेल्या एखाद्या अधिकाऱ्याची वाटते. बहुतेक प्रसंगी दोन्ही तर्क चुकीचे ठरतात. ही तलवार रणांगणावर गेलेली नसते. ती कारखान्याच्या छापील सूचीवरून मागविलेली आणि मिरवणुकीत खांद्याशी धरलेली असते. तिचा धनी दुकानदार, वकील, रेल्वेवरील कारकून अथवा न्हावीही असू शकतो.

या तलवारी ज्यांच्या, त्या संस्थांस येथे ‘बंधुसंघ’ म्हटले आहे. दीक्षाविधी, श्रेणी, गुप्त संकेत आणि परस्परसाहाय्य ही त्यांची सामान्य लक्षणे होत. त्यांची ओळख पटविणे वरवर पाहता सोपे आहे. कारण तलवारीवर चिन्हांची व अक्षरांची रेलचेल असते. परंतु चिन्ह वाचता आले म्हणजे तलवार ओळखता आली, ही समजूत अपुरी आहे. जुन्या कागदावरील शिक्क्यावरून तो कोणत्या दरबाराच्या नावाने निघाला ते कळते. तो कोणाच्या हातचा आणि खरा की बनावट, हे केवळ शिक्क्यावरून ठरत नाही. तलवारींच्या बाबतीतही नेमके हेच घडते, आणि त्यातून होणारी चूक नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही.

प्रथम या तलवारी इतक्या संख्येने का निर्माण झाल्या ते पाहिले पाहिजे. लंडनमध्ये १७१७ साली फ्रीमेसनांचे पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले, आणि पुढील बहुतेक संघांनी आपल्या विधींचा साचा कमीअधिक प्रमाणात त्याच परंपरेवरून घेतला. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर लक्षावधी पुरुष कवाईत शिकून घरी परतले होते. गणवेश, पंक्तिबद्ध संचलन आणि हुद्दे यांची त्यांना सवय जडली होती, गोडीही लागली होती. ही गोडी बंधुसंघांनी उचलली आणि आपल्यात गणवेशधारी श्रेणी निर्माण केल्या. १८९७ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकात हारवुड या लेखकाने अशा संघांची सभासदसंख्या सुमारे ५४ लाख अंदाजली होती. त्या वेळी देशातील प्रौढ पुरुष सुमारे १ कोटी ९० लाख होते. एकच व्यक्ती अनेक संघांत असे, हे ध्यानी घेऊन हा आकडा वाचावयास हवा. तथापि तलवारींची पेठ केवढी मोठी होती याची कल्पना त्यावरून येते. आजारपणात मदत, मृताच्या कुटुंबास विम्याची रक्कम आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हे या संघांचे व्यावहारिक बळ होते. त्यापुढे तलवार हा केवळ बाह्य अलंकार. मात्र अलंकार टिकला आणि हिशेबाच्या वह्या पुष्कळदा नाहीशा झाल्या. संशोधकाच्या वाट्यास वह्यांआधी तलवार येते, ती यामुळेच.

शिरस्त्राणधारी मस्तकाविषयी एक सूचना आवश्यक आहे. अशा मोगऱ्याची तलवार म्हणजे हमखास बंधुसंघाची तलवार, असे काही हौशी संग्राहक मानतात. वस्तुतः यादवी युद्धापूर्वीच, विशेषतः १८४० नंतरच्या दोन दशकांत, स्थानिक स्वयंसेवी पलटणींच्या अधिकाऱ्यांसाठी अमेरिकन कारखाने या मोगऱ्याच्या तलवारी बनवीत होते. बंधुसंघांनी तयार असलेला नमुना स्वीकारला, इतकेच. यास्तव मोगऱ्यावरून फक्त अंदाज बांधावा. निर्णयासाठी परज, मूठ, पाते आणि म्यान या चारही ठिकाणची चिन्हे स्वतंत्रपणे टिपावीत.

संख्येने पहिला मान बहुधा फ्रीमेसनांतील नाइट्स टेंप्लर या श्रेणीकडे जातो. तिची अमेरिकेतील सर्वोच्च संस्था १८१६ साली स्थापन झाली. मुकुटातून तिरपा गेलेला क्रूस हे तिचे प्रमुख चिन्ह; त्यासोबत ‘या चिन्हाने तू विजयी होशील’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य असते. म्यानावर घोडेस्वार धर्मयोद्धा, तंबू, कवटी व हाडे अशी दृश्ये उठावात दाखविलेली असतात. मूठ काळी असल्यास धनी सामान्य सभासद, पांढरी असल्यास अधिकारी किंवा माजी अधिकारी, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु नियम राज्याराज्यांतून आणि काळानुसार बदलत असल्याने त्यावर फार भार टाकू नये. मध्ययुगातील टेंप्लर योद्ध्यांचा संघ चौदाव्या शतकाच्या आरंभी पोपच्या आज्ञेने बरखास्त झाला होता. अमेरिकन टेंप्लरांचा त्याच्याशी संबंध नावाचा आणि कल्पनेचा आहे, वंशपरंपरेचा नव्हे.

मुंबईच्या अभ्यासकास येथे एक भेद लक्षात ठेवावा लागेल. मुंबईत फ्रीमेसनरी आली ती ब्रिटिश परंपरेतून. जेम्स बर्न्स या स्कॉटिश वैद्याच्या पुढाकाराने १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघाले आणि त्यात पारशी गृहस्थांस प्रवेश मिळाला. याच बर्न्सने त्यापूर्वी, १८३७ साली, टेंप्लर योद्ध्यांच्या इतिहासाची रूपरेषा प्रसिद्ध केली होती. ब्रिटिश पद्धतीच्या लॉजमध्ये तलवार मुख्यतः दाराबाहेर उभ्या असणाऱ्या रक्षकाच्या हाती असते. ती कोणत्याही घडणीची, कधी जुन्या लष्करी साठ्यातील, तर कधी ज्वालेसारख्या नागमोडी पात्याचीही असू शकते. तिकडील टेंप्लर श्रेणीतही पांढरा झगा आणि क्रुसाच्या आकाराची साधी मूठ आढळते. भारतीय संग्रहात एखादी तलवार फ्रीमेसनांची म्हणून नोंदलेली असेल, तर ती अमेरिकन सूचींशी ताडून पाहण्यापूर्वी हा भेद तपासावा.

ऑड फेलोज या संघाची अमेरिकन शाखा टॉमस वाइल्डी याने १८१९ साली बॉल्टिमोर येथे सुरू केली. एकमेकींत गुंफलेल्या तीन कड्या आणि मैत्री, प्रेम, सत्य या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एफ्, एल्, टी ही तिची खूण. गणवेशधारी श्रेणी १८८५ साली निघाली. तिच्या तलवारींवर मेंढपाळाची आकडेबाज काठी आणि तलवार एकमेकींस छेदून दाखविलेल्या असतात, व तंबूही दिसतो. तंबू टेंप्लरांच्या म्यानावरही असतो. पण मेंढपाळाची काठी आणि तीन कड्या दिसल्या की संशय उरत नाही. कॅथलिकांचा नाइट्स ऑफ कोलंबस हा संघ फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे स्थापिला. त्याची सनद १८८२ ची. तलवार धारण करणारी त्याची चौथी श्रेणी १९०० साली सुरू झाली, म्हणून त्या श्रेणीची तलवार एकोणिसाव्या शतकातील असूच शकत नाही. मोगऱ्याच्या जागी कोलंबसाचे मस्तक असल्याने ती चटकन ओळखू येते. या श्रेणीचा पिसांचा टोप आणि झगा २०१७ साली काढून टाकण्यात आले, तलवार मात्र राहिली. मिस्टिक श्राइन हा १८७२ साली न्यूयॉर्क येथे निघालेला संघ आपल्या चिन्हात वक्र समशेर, चंद्रकोर आणि स्फिंक्सचे मस्तक वापरतो. त्याचे सभासद फेज टोपी घालतात, पण पूर्वेकडील देशांशी त्यांचा संबंध वेषापुरताच. अशी वक्र तलवार तुर्की अथवा इराणी म्हणून नोंदली जाण्याचा धोका भारतातील संग्रहपालास अधिक, कारण खऱ्या समशेरी त्याच्या नित्य परिचयाच्या असतात.

चिन्हांनंतर कारखानदाराचे नाव. ते बहुधा पात्याच्या मुळाशी, परजेलगत कोरलेले असते आणि काळनिर्णयास त्याचा उपयोग मोठा. मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी येथील एम्स कारखान्याने तलवारींचा विभाग १८८१ साली ‘एम्स सोर्ड कंपनी’ या नावाने वेगळा केला. म्हणून ‘एम्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असे नाव असलेले पाते सामान्यतः त्यापूर्वीचे व ‘सोर्ड कंपनी’ असे असलेले त्यानंतरचे मानता येते. पण मिशिगनमधील कॅलमझू येथे ‘हेंडरसन-एम्स’ नावाची दुसरी पेढी हाच व्यवसाय करीत होती. तेव्हा झिजलेल्या पात्यावर फक्त ‘एम्स’ एवढेच वाचता येत असेल, तर चिकोपीचे नाव घाईने लिहू नये. आणखी एक सापळा तर जवळजवळ विनोदी आहे. या व्यवसायातील अग्रगण्य पेढ्यांपैकी एम. सी. लिली ही ओहायो राज्यातील कोलंबस या शहरी होती. ती पात्यावर आपल्या नावाखाली गावाचे नाव कोरी. ‘कोलंबस’ हा शब्द पाहताच तलवार नाइट्स ऑफ कोलंबसची ठरविण्याचा मोह पडतो, आणि मग टेंप्लरांच्या क्रूस-मुकुटाकडे दुर्लक्ष होते!

काही पाती जर्मनीतील झोलिंगेन येथून येत व अमेरिकेत त्यांस मूठ चढविली जाई. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यान्वये १ मार्च १८९१ पासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे पात्यावर ‘जर्मनी’ हा इंग्रजी शब्द असल्यास ते बहुधा त्या तारखेनंतरचे होय. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. शब्द नाही म्हणून पाते आधीचे, असे अनुमान निघत नाही.

मुठीच्या पदार्थाची परीक्षाही काही सांगते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या वक्र रेषांची सूक्ष्म जाळी दिसते. हाडात बारीक काळसर छिद्रे दिसतात. सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतात समांतर व संशय यावा इतक्या नियमित रेषा असतात. हा पदार्थ हायट बंधूंनी १८७० च्या सुमारास प्रचारात आणला. अर्थात सेल्युलॉइडची मूल मूठ असलेली तलवार यादवी युद्धातील असणे शक्य नाही. जुने विक्रेते तापलेली सुई टोचून परीक्षा करीत. ती पद्धत कटाक्षाने टाळावी, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. शिवाय हा पदार्थ कुजू लागला म्हणजे त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो व शेजारच्या पितळेवर हिरवा थर चढतो. अशी तलवार बंद पेटीत इतर तलवारींबरोबर ठेवणे म्हणजे त्या सर्वांची हानी करणे होय.

या तलवारींची मूठ सुटी करता येते. परज, मूठ व मोगरा हे भाग पात्याच्या शेपटावर ओवून आट्यांनी आवळलेले असतात. कारखानदार एकच साचा अनेक संघांसाठी वापरीत आणि केवळ मधली ढाल बदलीत. परिणामी दुरुस्तीच्या वेळी, अथवा विक्रेत्याच्या हातचलाखीने, एका संघाच्या पात्यावर दुसऱ्याची मूठ चढू शकते. म्यानाची अदलाबदल तर त्याहून सोपी. म्हणूनच पाते आणि म्यान यांवरील साक्षी परस्परविरुद्ध असल्यास त्यांची ओढूनताणून संगती लावू नये. त्या दोन निरनिराळ्या वस्तू समजाव्यात.

येथवर चर्चिलेल्या अडचणी डोळसपणे पाहिल्यास सुटण्याजोग्या आहेत. यापुढील अडचण तलवारीकडे कितीही वेळ पाहिले तरी सुटत नाही. नाइट्स ऑफ पिथियस हा संघ जस्टस रॅथबोन याने १९ फेब्रुवारी १८६४ रोजी वॉशिंग्टन येथे स्थापिला. मैत्री, परोपकार व दानशीलता या अर्थाच्या शब्दांची एफ्, सी, बी ही आद्याक्षरे त्रिकोणात अथवा ढालीवर, सोबत शिरस्त्राण, कवटी वा लिलीचे फूल, आणि गणवेशधारी श्रेणीची अक्षरे यांवरून त्याची तलवार ओळखली जाते. सूची-पुस्तके येथेच थांबतात. परंतु या नावाचे व या चिन्हांचे संघ दोन होते. मूळ संघाने कृष्णवर्णीयांस प्रवेश नाकारला, तेव्हा मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे १८८० साली टॉमस स्ट्रिंगर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने स्वतंत्र पिथियस संघ उभा केला. त्याच्या नावात उत्तर अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खंडांची नावे जोडलेली होती. विधी, आद्याक्षरे, चिन्हे आणि गणवेशधारी श्रेणी ही सर्व त्यातही होती. शिकागोचे कृष्णवर्णीय नेते रॉबर्ट जॅक्सन हे त्या श्रेणीचे मेजर जनरल होते.

हा संघ नकलेपुरता नव्हता. सभासदांच्या विम्याच्या व वर्गणीच्या रकमांतून त्याने मोठ्या इमारती बांधल्या. टेक्सासमधील डॅलस येथील १९१६ ची पिथियस वास्तू विल्यम सिडनी पिटमन या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने रचली. ज्या शहरांत कृष्णवर्णीय वैद्यास वा वकिलास गोऱ्यांच्या इमारतीत खोली मिळणे दुरापास्त होते, तेथे अशा वास्तूंचे मोल निराळे सांगावयास नको. गोऱ्या संघास हे रुचले नाही. जॉर्जिया राज्यातील गोऱ्या ग्रँड लॉजने नाव व चिन्हे वापरण्यास मनाई मागणारा दावा लावला आणि राज्याच्या न्यायालयांत तो जिंकला. परंतु १९१२ साली संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रेसविल खटल्यात हा निर्णय फिरविला. गोऱ्या संघाने इतकी वर्षे हा वापर चालू दिला, आता तक्रार करण्यास फार उशीर झाला आहे, हे त्याचे एक मुख्य कारण होते. १९२९ साली मिस्टिक श्राइनच्या अशाच वादातही त्याच न्यायालयाने कृष्णवर्णीय संघाच्या बाजूने निकाल दिला.

तलवारींच्या अभ्यासात या निकालांचा अर्थ सरळ आहे. एकच चिन्ह दोन संघ कायदेशीरपणे धारण करीत होते; म्हणून चिन्हावरून संघ ठरत नाही. तरीही एफ्, सी, बी ही अक्षरे असलेली प्रत्येक तलवार मूळ संघाच्या खात्यावर मांडली जाते. ही सवय टाकून दिली पाहिजे. जे नाव १९१२ साली न्यायालयाने काढून घेऊ दिले नाही, ते संग्रहालयाच्या चिठ्ठीने काढून घेतल्यासारखे होते. ऑड फेलोजच्या बाबतीत अक्षरेच साहाय्यास येतात : १८४३ साली इंग्लंडमधून सनद मिळविलेल्या कृष्णवर्णीय संघाच्या आद्याक्षरांत जी व यू ही येतात, गोऱ्या संघाच्या आद्याक्षरांत आरंभी आय्. टेंप्लरांत मात्र पुन्हा संदिग्धता आहे. कारण १७७५ साली दीक्षा घेतलेल्या प्रिन्स हॉल याच्यापासून चालत आलेल्या कृष्णवर्णीय फ्रीमेसनांतही ही श्रेणी आहे.

मग निर्णय कशाने करावा? पात्याच्या मध्यभागी पुष्कळदा धन्याचे नाव कोरलेले असते, आणि ते नाव हेच खरे साधन होय. नावासोबत लॉजचा क्रमांक असल्यास उत्तम. परंतु दोन्ही संघ आपापल्या लॉजांस स्वतंत्र क्रमांक देत, तेव्हा केवळ क्रमांक पुरेसा नाही. नाव घेऊन प्रथम त्या शहराच्या वार्षिक नामसूचीकडे वळावे. दक्षिणेतील अनेक शहरांच्या नामसूचींत कृष्णवर्णीय रहिवाशांच्या नावापुढे कंसात वर्णदर्शक अक्षर छापीत. भेदभावाची ती खूण आज पुराव्याच्या कामी येते. त्यानंतर शिरगणतीचे तक्ते, ज्यांत वर्णाचा रकाना असे. दुर्दैवाने १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक मूळ कागद १९२१ सालच्या आगीमुळे नष्ट झाले, आणि गणवेशधारी श्रेणींच्या भरभराटीचे दशक नेमके तेच. ती उणीव राज्यवार ग्रँड लॉजांच्या वार्षिक कार्यवृत्तांनी व कृष्णवर्णीयांच्या तत्कालीन वृत्तपत्रांनी काही अंशी भरून निघते. कारण संचलनांच्या बातम्या ही वृत्तपत्रे अधिकाऱ्यांच्या नावांसह सविस्तर देत. समान नावाच्या दोन व्यक्ती एकाच शहरी असणे हे नित्याचेच; म्हणून व्यवसाय आणि पत्ता जुळल्याशिवाय नाव जुळले असे म्हणू नये.

नाव मुळीच नसेल, अथवा झिजून गेले असेल, तर नोंदवहीत तेवढेच लिहावे : ‘पिथियस संघाची, गणवेशधारी श्रेणीची तलवार, दोहोंपैकी कोणत्या संघाची ते अनिर्णीत, पाते अमुक कारखान्याचे, मूठ सेल्युलॉइडची, म्यान टेंप्लरांचे, निराळ्या क्रमांकाखाली नोंदले आहे.’